आमच्या भिंतीवरची नासपती

दोष त्यांचा आहे! ज्यांना सगळं दिसत असतं, सगळं कळत असतं आणि तरी समोरचं माणूस खड्ड्यात उतरताना जे तंबाखू मळत बघत राहतात, त्यांचा! एक शब्द बोलायला काय जात होतं? नुसता एक शब्द! माझं सव्वा वर्ष वाचलं असतं, आईची भिंत वाचली असती आणि माझ्या बी.एस्सी.ची लाज राहिली असती.

नावं घेत नाही. मला गावात राहायचंय.

तर ऐका. आणि हातातला कप आधी खाली ठेवा, नंतर ठसका लागला तर मला बोलू नका.

मी वनस्पतिशास्त्राची पदवीधर. चंद्रपूरला वसतिगृहात राहून शिकले आणि शिकल्यावर नोकरीच्या मागे न धावता गावी परतले. एटापल्लीच्या अलीकडे, जंगलाला टेकून आमचं गाव आहे. परतले ती गाव बदलायलाच. लगेच. शक्य झालं तर त्याच आठवड्यात! बचत गटाच्या बायकांना गोळा करायचं आणि भाषण द्यायचं, हा माझा उद्योग. विषय ठरलेला: 'आपलं देशी बियाणं वाचवा.' त्यासाठी मी स्वतः रंगवलेली तीन पोस्टरं होती.

आणि त्याच दिवसांत मोबाइलवर मला तो व्हिडिओ दिसला.

काय सांगू! कुठल्याशा थंड देशातलं दगडी घर. त्याच्या भिंतीला चिकटून एक नासपतीचं झाड. मधे सरळ खोड आणि दोन्ही बाजूंना आडव्या फांद्या, एकीखाली एक, जणू कोणी पट्टी लावून आखल्यात. झाड इतकं चपटं की भिंतीवर चित्र काढल्यासारखं. आणि त्या चित्राला खऱ्या नासपती लटकलेल्या! त्याला म्हणतात एस्पालियर. म्हणजे झाडाला लहानपणापासून तारांना, कामट्यांना बांधायचं, नको ती फांदी छाटायची, हवी ती वळवायची आणि भिंतीवर पसरवायचं. जागा कमी लागते, फळ हाताशी येतं.

मी तिथल्या तिथे ठरवलं. प्रत्येक घराला भिंत आहे. प्रत्येक भिंतीवर फळझाड! झाला की नाही गावाचा कायापालट?

नासपतीला कडाक्याची थंडी लागते, हे मी वाचलं होतं. नाही असं नाही. पण आमच्याकडे जानेवारीत पहाटे शेकोटी पेटते की! आणखी काय थंडी हवी त्याला?

आता अडचण एकच होती. आमच्या सांदवाडीत, म्हणजे घरामागच्या परसात, चांगलं ऊन लागणारी भिंत एकच. बाकी सगळीकडे मोहाची दाट सावली आणि कुंपणाबाहेर टपलेल्या गावभरच्या शेळ्या. आणि त्या एका भिंतीवर आईचा वाल होता.

हा वाल साधा नव्हता. आईचं माहेर सिरोंच्याकडचं, गोदावरीकाठचं. लग्नात तिने तिकडून हे बी आणलं होतं. जांभळ्या कडेची रुंद शेंग, कोवळी असताना भाजीला, जून झाली की दाण्याला. आई अजूनही त्याला तेलुगूत चिक्कुडु म्हणते. तिच्या माहेरी आता सगळा कापूस आहे, हे बी तिकडे कोणाकडे उरलेलं नाही. आणि आमच्या गल्लीत? दर पावसाळ्याला सगळ्या बाया आईकडूनच मूठभर बी न्यायच्या आणि शेंगा कोवळ्या असतानाच भाजीत संपवायच्या. आईकडे आहे ना, मग आपण कशाला ठेवायचं, असा सगळ्यांचा हिशेब. म्हणजे ते बी जगात एकाच ठिकाणी होतं. आमच्या चुलीच्या वर टांगलेल्या वाळक्या भोपळ्याच्या तुंब्यात, राखेत.

जानेवारीत नासपतीचं रोप आलं. रोप कसलं, काडी! हातभर काडी, खाली मुळांना गुंडाळलेलं शेवाळ आणि बुडाशी तारेने अडकवलेला पत्र्याचा बिल्ला. आणि वाल तेव्हा ऐन भरात. शेंगांनी लगडलेला.

"आई, वेल काढावा लागेल."

आई शेंगाच तोडत होती. तिने मागे वळून बघितलं. "आता? शेंगा हिरव्या हाय वं अजून. बी धरू दे त्याले."

"रोप थांबणार नाही ना! मुळं उघडी आहेत. एक-दोन दिवसांत लागायलाच हवं."

"मंग मोहाखाली लाव."

"सावलीत नाही येत ते. भिंतच हवी."

आईने ती काडी हातात घेऊन उलटसुलट केली. मग म्हणाली, "एक पावसाळा देतो तुले. एकच. त्याच्या पुढच्या पावसाळ्यात भिंत मले पाह्यजे. तुंब्यात मागच्या सालचं बी हाय, थे तोवर टिकन. त्याच्यावर नाई टिकत."

"एका पावसाळ्यात बघ ना तू झाड कसं होतं ते!"

आणि मी वेल उपटला. भरलेला. हिरव्या शेंगांसकट. आता हे सांगतानासुद्धा माझे कान गरम होतात, पण तेव्हा मला तो त्याग वाटला होता. त्याग माझा नव्हता, एवढं फक्त लक्षात आलं नाही.

खड्डा खणताना एक काळं, बोटाएवढं जाड मूळ आडवं आलं. कुणाचं, कशाचं, कोण विचारतो? मी कुदळीने त्याचे दोन तुकडे केले, काडी लावली आणि भिंतीवर बांबूच्या कामट्यांच्या चार आडव्या ओळी ठोकल्या. मातीची भिंत. प्रत्येक खिळ्याबरोबर पोपडा खाली! मग आईच्या जुन्या लुगड्याच्या चिंध्या फाडून काडी बांधली.

कुंपणापलीकडे शेळ्या चारणारे लालूभाऊ थांबले. तंबाखू मळत बघत राहिले.

"काऊन वं पोरी, यानं काय चोरलं?"

"कोणी?"

"या काडीनं. बांधून ठेवली म्हून इचारलं."

मी त्यांना दहा मिनिटं एस्पालियर समजावून सांगितलं. त्यांनी मान डोलावली. जाताना शेळीला म्हणाले, "चाल गं माय. इथी झाडाले शिकवाची शाळा सुरू झाली."

फेब्रुवारीत मला दीड महिन्याच्या प्रशिक्षणाला वर्ध्याला जावं लागलं. आणि व्हिडिओत तर सांगितलेलं, काडी पहिल्या ओळीपाशी छाटली की खालच्या डोळ्यांतून दोन्ही बाजूंना फांद्या फुटतात. हे काम तेव्हाच व्हायला हवं! मी वर्ध्याहून फोन केला.

"आई, झाड छाटायचं राहिलं. सोमारीबाईला सांग ना. तिला छाटणी येते."

सोमारीबाई आमची शेजारीण. गोंड घरातली, पन्नाशीची, हात असे की कुऱ्हाडीचा दांडाही घाबरावा. दरवर्षी उन्हाळ्याच्या तोंडावर जंगलात तेंदूची खुटकटाई असते, त्यात ती सगळ्यांच्या पुढे. खुटकटाई म्हणजे काय, तर तेंदूची झुडपं जमिनीलगत कापून टाकायची. मग त्याच बुडख्यातून मे महिन्यापर्यंत नवी, मोठी, लुसलुशीत पानं येतात. तीच बिडीची पानं.

आलं ना लक्षात? तुमच्या आलं. माझ्या आलं नाही. मी छाटणी कुणाला सांगितली, याचा मला वर्ध्याला बसून अभिमान वाटत होता. स्थानिक ज्ञानाचा वापर!

मार्चच्या शेवटी परत आले, पिशवी ओट्यावर टाकली आणि थेट सांदवाडीत धावले. भिंत होती. कामट्या होत्या. चिंध्या वाऱ्यावर हलत होत्या. झाड नव्हतं.

"सोमारीबाई! झाड कुठंय?"

ती कुंपणापाशी आली. "कापलं ना. तूच सांगतलं म्हने."

"एवढं? जमिनीपासून?"

"मंग? वरतं ठेवलं त पान बारीक येते. हे पाय, कसं तिरपं मारलं. एका घावात! पानी नाई थांबत याच्यावर."

मी खाली बसले. मातीतून जेमतेम दोन बोटं वर आलेला एक तिरपा खुंट होता. काम खरोखर सुबक होतं. मला रडू फुटलं.

सोमारीबाई घाबरली. "आवं रडू नको! फुटते थे. मी कापलेलं आजपर्यंत मेलं नाई. तीन हप्ते थांब."

आई दारात उभी होती. तिने हळूच विचारलं, "मंग भिंत मोकळी झाली ना आता?"

"नाही!" मी ओरडले. "फुटणार आहे ते!"

आणि मंडळी, फुटलं! तीन आठवड्यांनी, एप्रिलच्या मध्यावर, पारा पंचेचाळिसावर असताना, माणसं ओलं फडकं डोक्यावर घेऊन पडलेली असताना, माझ्या भिंतीखाली तांबूस, मऊ, लवलवते कोंब आले! एक नाही, चार! खुंटाच्या वीतभर बाजूला आले होते, पण त्यात काय? मुळावरून फुटले असणार. मी सोमारीबाईला मिठी मारली. तीही खूष. "सांगतलं होतं ना मी!"

आता मला सांगा, थंड प्रदेशातलं झाड, आमच्या एप्रिलमध्ये, बिनसावलीचं, असं उसळून येतं, याचा अर्थ काय? तुमच्या मनात जो अर्थ आला तो तुमच्याजवळ ठेवा. माझ्या मनात आला तो असा की उष्णता सहन करणारी नासपती तयार झाली! माझ्या सांदवाडीत! मी वहीत आमच्या मुलखाच्या नावावरून त्या वाणाचं नावही लिहून टाकलं: 'झाडीपट्टी-एक'.

मधला कोंब सरळ बांधला. दोन बाजूचे दोन, डावी-उजवीकडे. चौथा काढला. पावसाळ्यात झाडाने पहिली ओळ गाठली. मी रोज सकाळी चहाचा कप घेऊन त्याच्यासमोर उभी. पानांच्या कडेला दाते असायला हवे होते, ते नव्हते. झाडाने उन्हामुळे दाते सोडून दिले असतील! कोवळ्या पानांवर बारीक लव होती, ती असायला नको होती. उन्हापासून बचाव! पान चामड्यासारखं जाड होत गेलं. पाण्याची बचत! प्रत्येक फरकाला माझ्याकडे कारण तयार. तीन वर्षं शिकले होते ना मी!

वर म्हटलं की कोणी एक शब्द बोललं नाही. ते अगदीच खरं नाही. त्या श्रावणात आई एकदा माझ्या शेजारी येऊन उभी राहिली होती. पान बोटांत धरून म्हणाली, "हे मले तेंदू दिसते वं."

"आई, पानं सारखी दिसतात. कूळ वेगळं असतं."

"असं का?"

"हो. त्याला शास्त्र आहे."

आई आत गेली. झालं. पण आईचं बोलणं कोणी मोजतं का? तुम्ही मोजता?

त्या वर्षी गल्लीत कोणाच्याच कुंपणावर वाल नव्हता. पहिल्या पावसानंतर बाया नेहमीसारख्या बी मागायला आल्या. आईने सगळ्यांना एकच सांगितलं, "औंदा नाई. थोडंच हाय, थे पुढच्या सालासाठी ठेवलं." आमच्याही भिंतीवर तो पेरला नाही. का, ते कोणी विचारलं नाही. भिंतीवर काय आहे, ते दिसत होतंच.

मग फेब्रुवारीत गटाच्या बैठकीत माझं भाषण झालं. तेच, 'देशी बियाणं वाचवा'. तिन्ही पोस्टरं लावलेली. मी रंगात आलेली. शेवटच्या ओळीत आई बसली होती. ती कधी बोलत नाही, त्या दिवशी तिने हात वर केला.

"बी किती सालं टिकते वं?"

"फार तर दोन!" मी सगळ्यांकडे बघत ठणकावून सांगितलं. "नुसतं साठवून ठेवू नका. पेरत राहा! एकदा खंड पडला की वाण मेला समजा!"

बायांनी टाळ्या वाजवल्या. आईनेही वाजवल्या. मला त्या टाळ्या आज ऐकू येतात. तेव्हा मी पोस्टर गुंडाळत होते.

बैठकीनंतर मी जाहीर केलं की उन्हाळ्यात सगळ्यांनी आमच्या घरी यायचं, माझं झाड पाहायला. 'कोणतं झाड ते तिथेच सांगेन' असं म्हणून मी गूढ हसले. नाटकाची हौस! त्याच आठवड्यात व्हिडिओत सांगितल्याप्रमाणे मी 'हिवाळी छाटणी' केली. नेमकी त्याच दिवसांत, ज्या दिवसांत सोमारीबाई जंगलात खुटकटाई करत होती. परिणाम? मे उजाडेपर्यंत भिंतीवर तळहाताएवढी पानं! तजेलदार, एकही डाग नाही, कीड नाही.

बातमी पसरली. गटाच्या अध्यक्ष कुंदाबाई एकदा पाण्याच्या टाकीपाशी भेटल्या.

"काय वं, तुह्या भिंतीवरचं मी कुंपणाबाहेरून पाह्यलं. लय झ्याक! उभ्यानं तोडता येते म्हने?"

"तोच तर फायदा, कुंदाबाई! वाकायला नको!"

"बापा! कंबर वाचली. आनं रानात जायची गरज नाई."

"अजिबात नाही. घरच्या घरी!"

"वाघाची भीती नाई, अस्वलाची नाई."

मी म्हटलं, वा! जंगलावरचा भार कमी होतो, हा मुद्दा यांनी स्वतःच मांडला! "अगदी बरोबर. म्हणूनच म्हणते, प्रत्येक भिंतीवर एक झाड."

"मी देतो माह्यी भिंत. दोडक्याचा मांडव काढून टाकतो. सात बाया तयार हाय. पह्यल्या सालीच निघन ना?"

"पहिल्या वर्षी नाही. धीर धरा. तीन-चार वर्षं तरी..."

"तीन-चार?" कुंदाबाईंनी कमरेवरची घागर खाली ठेवली. "काऊन? तुह्यं त आताच तोडाले आलं!"

"नाही नाही! हात लावायचा नाही अजून!"

त्या माझ्याकडे जरा विचित्र नजरेने बघत गेल्या. मी मनात म्हटलं, लोकांना संयम नाही. हे मी म्हटलं. मी!

इकडे आईशी रोज एकच वाद. पावसाळा महिन्यावर आलेला.

"भिंत मले पाह्यजे."

"आई, अजून एक वर्ष दे. बघ, सात बाया तयार आहेत. आत्ता झाड काढलं तर सगळं संपेल."

"आनं बी?"

"बी टिकेल गं एखादं वर्ष."

"तूच म्हनली ना सभेत?"

मी झारी उचलून झाडाला पाणी घालायला गेले. तरी मी भिंत सोडली नाही, हे मुद्दाम सांगते. कबुली द्यायची तर पूर्ण द्यावी. आईने तुंबा खाली काढला, हलवून कानाशी लावला आणि परत टांगला.

तेंदूचा हंगाम सुरू व्हायच्या दोन दिवस आधी, संध्याकाळी बाया आल्या. चौदा जणी. कुंदाबाई पुढे, सोमारीबाई कुंपण ओलांडून. लालूभाऊ शेळ्यांसकट बाहेर उभे. मी झाडावर चादर टाकून ठेवली होती. हो, चादर! पुतळ्याचं अनावरण असतं ना, तसं.

आधी भाषण. मग मी चादर ओढली.

"अगं माय वं!" बाया एकदम म्हणाल्या. सुंदर दिसतच होतं हो ते! मधे सरळ, दोन्हीकडे आडवं, मोजून बांधलेलं, कोवळ्या पानांनी भरलेलं.

"आता ओळखा पाहू," मी म्हटलं, "हे कोणतं झाड?"

चौदा जणी, एका सुरात, शाळेत कविता म्हणतात तशा: "तेंदू!"

मी हसले. ज्याला माहीत असतं तो जसा हसतो, तशी. "चूक! नीट बघा."

बाया पुढे सरकल्या. नीट बघितलं. एकमेकींकडे बघितलं. कुंदाबाई जरा चाचरत म्हणाल्या, "तेंदूच."

"ही नासपती आहे!"

बाहेर एक शेळी ओरडली.

"कोनती?" सोमारीबाईने विचारलं.

"नासपती. बाजारात येते ना, हिरवी, गोड. तू नाही का छाटलीस? त्याच खुंटातून फुटलेली!"

सोमारीबाई पुढे आली. भिंतीखाली उकिडवी बसली, दोन्ही हातांनी माती बाजूला केली आणि वीतभर अंतरावरून काहीतरी उपटून माझ्या तळहातावर ठेवलं. करंगळीएवढा, वाळून खडंग झालेला, तिरपा कापलेला खुंट होता. त्याला तार गुंडाळलेली, तारेला पत्र्याचा बिल्ला. बिल्ल्यावरची अक्षरं अजून वाचता येत होती.

"हे तुह्यं," ती म्हणाली. "कधीचं मेलं."

मग झाडाच्या बुडाशी माती उकरून तिने काळं, जाड मूळ दाखवलं, कुदळीने तोडलेलं. "आनं हे रानातलं. जुनं मूळ हाय, भिंत बांधली त्याच्या आधीचं. तेंदूचं मूळ तोडलं की थे फुटतेच. तूच फोडलं त्याले."

मला दिसलं. एका क्षणात सगळं दिसलं. ती लव, ते जाड पान, ते एप्रिलमधलं उसळणं. अहो, मी लहानपणी उन्हाळ्याच्या सुट्टीत आईबरोबर तेंदू तोडायला जात होते! पानांचे पुडे बांधत होते! ज्या झुडपाने आमच्या घराभोवतीचं अख्खं जंगल भरलंय, ज्याला लोक पायाखाली तुडवतात, ते मी सव्वा वर्ष चिंध्यांनी बांधून, शेणखत घालून, चादर पांघरून भिंतीवर वाढवलं होतं!

"मग तुम्ही कोणी बोलला का नाहीत?" माझा आवाज चिरका झाला.

"आमाले वाटलं तुले माहीत हाय," कुंदाबाई म्हणाल्या. "तू शिकलेली. आमी म्हनलं, पोरगी बायायच्या कंबरेचा विचार करून राह्यली. रानात ना जाता, उभ्यानं पान तोडाले भेटावं म्हून तेंदू भिंतीवर चढवून राह्यली. आमी त तुह्यं नाव घेऊन राह्यलो होतो घरोघरी."

हे ऐकून मला जास्तच रडू आलं. कारण तो विचार चांगला होता. आणि माझा नव्हता.

कोणी हसलं नाही, हे सांगायला हवं. निदान आत कोणी हसलं नाही. कुंपणाबाहेरचं मी पाहिलं नाही. सोमारीबाईने माझ्या पाठीवर हात ठेवला. कुंदाबाईंनी विचारलं, "तोडू का मंग? पान तयार हाय." आणि चौदा जणींनी उभ्या उभ्या, गप्पा मारत, माझी 'झाडीपट्टी-एक' दहा मिनिटांत बोडकी केली. "कंबर नाई दुखली बाई!" असं प्रत्येकीने म्हटलं. माझं समाधान करायला असेल.

बाया गेल्या. आई एकटी उरली. मी म्हटलं, "आई, भिंत घे. मी हे आत्ताच उपटते."

"राहू दे," आई म्हणाली. "कायले उपटते सारखं सारखं? कामट्या ठोकल्या हाय, झाड हाय. आयता मांडव झाला."

पहिला चांगला पाऊस झाल्यावर आईने तुंबा खाली उतरवला. राख झटकली. मूठभर दाणे होते, बरेचसे सुरकुतलेले, काहींना भोकं पडलेली. तिने तेंदूच्या बुडाशी ओळीने सगळे पेरले. एकही मागे ठेवला नाही. मी विचारलं, थोडे ठेवायचे का? ती म्हणाली, "आता ठेवून काय करतं?"

मग वाट पाहणं आलं. तुम्हाला सांगते, परीक्षेच्या निकालाची मी कधी अशी वाट पाहिली नाही. वाल पाच-सहा दिवसांत वर येतो. सहावा दिवस गेला, काही नाही. सातवा. आठव्या दिवशी मी माती उकरून बघायला गेले, आईने हातावर फटका मारला. नववा दिवसही गेला. आई भाकरी थापायची आणि मी पोस्टरं माळ्यावर ठेवायची जागा शोधायचे.

दहाव्या दिवशी सकाळी आई भिंतीपाशी वाकून उभी दिसली. मी धावले. माती फुगली होती आणि वाकलेल्या मानेने एक कोंब वर आला होता. संध्याकाळपर्यंत दोन. दुसऱ्या दिवशी चार.

चारच. अख्ख्या मुठीतून चार.

"चार पुरते," आई म्हणाली आणि पदराने चेहरा पुसला. "एक वेल भिंत भरते. याच्या शेंगा कोनी तोडाच्या नाई औंदा. सारं बी धरू द्याचं. गल्लीले सांगतो, आता सगळ्यायनं आपापल्या घरी ठेवा."

मी काय करू, काय नको असं झालं होतं. या चार जिवांना काही होता कामा नये! सगळ्यात पुढचा वेल आता वीतभर झाला होता, वाऱ्याने इकडेतिकडे डोलत होता. आणि भिंत त्याच्यापासून चांगली चार बोटं लांब! तो पोचणार कसा? मी घरात धावले, जुन्या लुगड्याची एक मऊ चिंधी फाडली, एक बारीक कामटी आणली, गुडघ्यावर बसले आणि अलगद, अगदी अलगद, त्याचं टोक धरलं.

"ए पोरी!"

कुंपणावरून लालूभाऊ ओरडले. दोन्ही हात वर करून.

"हात नको लावू वं बाई! त्याले नको शिकवू! त्याले चढता येते!"